दगड व्हायचं

"त्या काकू दोनदा आल्या होत्या, पण मी त्यांना दिसलेच नाही," गोदा म्हणाली आणि तिच्या डोक्यावर ओतायला उचललेला तांब्या माझ्या हातात तसाच राहिला. शनिवारची सकाळ होती. बाथरूममध्ये वाफ कोंडलेली, तिच्या कानामागे साबणाचा फेस, आणि ती पाटावर मांडी घालून अगदी गप्पा मारल्यासारखी बोलत होती. कुठल्या काकू, हे मी विचारलं नाही. मला माहीत होतं. मी एवढंच म्हटलं, "मग तू काच नाही वाजवलीस?" तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी विसरले आहे. "नाही काही. मी दगड झाले होते ना. पायाला मुंग्या आल्या तरी नाही हलवला." मग पाणी कधी येतंय म्हणून तिने मान वर केली, डोळे मिटले, ओठ घट्ट मिटले. मी पाणी ओतलं. ते फार गरम नाही ना, हे बघायचं राहून गेलं.

आदल्या दिवशी दुपारी माझी मुलगी शाळेच्या व्हॅनमध्ये कोंडली गेली होती. काचा बंद, ऑक्टोबरचं ऊन, अंबडला व्हॅनवाल्या लहानूकाकांच्या घरासमोरचा मोकळा प्लॉट. झालं होतं ते अगदी साधं. दसऱ्याच्या आधी माझ्या माहेरी, मखमलाबादला, झेंडूची तोडणी असते आणि गोदाला ती बघायची होती, म्हणून सकाळीच मी काकांना सांगून ठेवलं, दुपारी हिला घेऊ नका, हिचा मामा शाळेतून परस्पर नेणार आहे. दुपारी माझ्या भावाचा, सोमनाथचा, फोन आला की ताई, व्यापाऱ्याची गाडी लवकर आलीये, मला निघता येत नाही, उद्या नेतो. मी शाळेत कळवलं, बाईंनी गोदाला नेहमीसारखं मागच्या दाराने व्हॅनमध्ये चढवलं. लहानूकाकांना फोन केला तो त्यांनी उचलला नाही, कारण ते गाडी चालवत होते. मी मेसेज टाकला, तोही त्यांनी नंतरच पाहिला. व्हॅनच्या डिकीत त्यांनी एक फळी टाकून जास्तीचा बाक केलाय, त्यावर बारकी मुलं बसतात आणि पायाशी सगळ्यांची दप्तरं. गोदा दप्तरांवर झोपली. एकेक मूल आपलं दप्तर ओढून उतरत गेलं तशी ती फळीखालच्या सांदीत सरकत गेली असणार. काकांच्या डोक्यात ती मामाकडे गेलेली, त्यामुळे आमच्या फाटकापाशी ते थांबलेच नाहीत. उरलेली मुलं उतरवली, घर गाठलं, काचा लावल्या, जेवायला बसले.

आणि मी फाटकात उभी होते. पाथर्डी फाट्याला दुपारी ट्रॅफिक तुंबतो, त्यात अडकले असतील. पुन्हा फोन करावा, हातात मोबाइल होताच. पण एकदा केला होता, लगेच दुसरा केला तर त्यांना वाटेल, ही बाई फारच घाबरट आहे. व्हॅनच्या ग्रुपवर एक आई तशी आहे, तिच्यावर बाकीच्या हसतात. मी फाटकाच्या सावलीत उभी राहिले, सावली सरकली तशी मीही सरकले. मग फोन वाजला आणि एका बाईचा आवाज, "ताई, तुमची पोरगी आमच्याकडं हाय." पाण्याचा कॅन काढायला लहानूकाकांच्या बायकोने व्हॅनचं दार उघडलं होतं. त्याआधी त्या दोनदा व्हॅनजवळून गेल्या होत्या, एकदा बादली घेऊन, एकदा वाळत घातलेले कपडे काढायला. त्यांना माहीत नव्हतं की आतून कुणी आपल्याकडे बघतंय. हे फक्त गोदाला माहीत होतं, आणि आता मला.

सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. हेच मला गिळता येत नव्हतं. लहानूकाका स्वतः तिला घेऊन आले, माझ्या पाया पडायला वाकले तशी मी मागे सरले. त्यांचे डोळे लाल झाले होते. "चूक माझी हे ताई, काय बोलायचं ते बोला," ते म्हणाले, आणि मग, राहवेना म्हणून, "पण पोरगी लय गुणाची. घामानं निथळत होती, तोंडातून हूं का चूं नाही. दुसरं पोर असतं तर रडून रडून जीव दिला असता." डॉक्टर म्हणाले, शहाणी आहे, घाबरून धडपड केली असती तर जास्त त्रास झाला असता, आता ठीक आहे, पाणी द्या. आणि मग म्हणाले, "अजून थोडा वेळ गेला असता तर," आणि ते वाक्य त्यांनी तिथेच टाकून गोदाला गोळी खायला दिली, लिंबाच्या चवीची. पहिल्या मजल्यावरच्या छायावहिनी जिन्यात भेटल्या, "अगं आमचा असता तर काचा फोडल्या असत्या त्याने. तुझी आपली शांत. तुझ्यावर गेलीये." संध्याकाळी माझा नवरा, जीवन, ओझरहून फॅक्टरीच्या बसने आला तो फाटकापासून धावत वर आला. गोदाला पोटाशी धरून खूप वेळ बसला, आणि मग म्हणाला, "माझा वाघ तो. रडला नाही." गोदा त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघून हसली. ती कशाला हसली ते मला तेव्हा कळलं नाही. दुसऱ्या दिवशी बाथरूममध्ये कळलं. तिला वाटत होतं, आपण दोघींनी मिळून काहीतरी जमवलं आहे.

हे दगड होणं ज्या पुस्तकातलं, ते पुस्तक माझं. त्याला कव्हर नाही, पहिली काही पानं नाहीत, त्यामुळे ते कुणी लिहिलं, त्याचं नाव काय, हे आमच्या घरात कधीच कुणाला कळलं नाही. आम्ही त्याला ठिपक्याचं पुस्तक म्हणतो. फुलांच्या पुड्या बांधायला दादा, म्हणजे माझे वडील, रद्दी किलोवर आणायचे. मी आणि सोमनाथ त्यातली चित्रं असलेली पानं आधी काढून घ्यायचो. एकदा गठ्ठ्यातून हे निघालं. काळ्या रेघा आणि एकच रंग, पिवळा. माळावर गारगोट्यांमध्ये टिटवी अंडं घालते, त्यातून ठिपका निघतो, अंगभर ठिपके, गारगोटीसारखाच. आई त्याला सांगते, भीती वाटली की दगड व्हायचं. हलायचं नाही, बोलायचं नाही, मी येईपर्यंत. मग मुंगूस येतं, ठिपका दगड होतो. बैलगाडीचं चाक येतं, ठिपका दगड होतो. गारा पडतात, घार येते, गुराख्याचा पाय अगदी कानाशी पडतो, आणि दर पानावर तेच एक वाक्य, ठिपका दगड झाला. शेवटी आई येते आणि म्हणते, ऊठ. गोष्ट एवढीच. शेडमध्ये शेवंतीच्या ढिगाशेजारी बसून मी ते मोठ्याने वाचायचे आणि आई गजरे ओवता ओवता म्हणायची, "वाच की अजून, हात चालत्यात माझे." पानांना अजून शेवंतीचा कडवट वास आहे, किंवा मला येतो. गोदाला मी ते इतक्या वेळा वाचून दाखवलंय की ठिपका दगड झाला म्हटलं की ती पलंगावर गोळा होते, पाय पोटाशी, तोंड उशीत, आणि मी तिला शोधते, कुठे गेली गोदा, इथे तर नुसता दगड आहे. मग मी म्हणते, ऊठ. मग ती उठते. मला वाटायचं, मुलीला मी माझ्याकडची सगळ्यात चांगली वस्तू देते आहे.

कारण ती माझ्या फार उपयोगी पडली होती. म्हणजे असं मला वाटत आलं. शाळेत बाई रागावल्या की वर्गात मुली रडायच्या, मी दगड व्हायचे, बाईंचा राग माझ्यावरून जायचा आणि पुढच्या बाकावर पडायचा. कॉलेजला जाताना सिटी बसमध्ये मागून एक हात कमरेवर आला, पंचवटी कारंजा ते सीबीएस, आणि मी समोरच्या सीटच्या पत्र्यावरचा खिळा बघत राहिले. तो खिळा मला अजून आठवतो, त्याच्या डोक्यावर हिरवा रंग होता. हात गेला. बघ, गेला की नाही, असं मी स्वतःला म्हटलं होतं. एमएस्सीला प्रयोगशाळेतलं माझं काम सेमिनारमध्ये दुसऱ्या मुलीच्या नावावर वाचलं गेलं तेव्हा मी तिसऱ्या रांगेत बसले होते. बघायला आले तेव्हा जीवनची आत्या म्हणाली, चालून दाखव, मी चालून दाखवलं आणि मनात दगड झाले. चालणारा दगड. लग्नानंतर सासूबाई म्हणायच्या, मंजुषाचं एक बरं आहे, तिला काही लागत नाही. बाळंतपणाच्या वेळी शेजारच्या टेबलावरची बाई कुणाकुणाच्या नावाने हंबरडे फोडत होती आणि नर्स तिला म्हणाली, ती बघ, ती पण बाईच आहे ना, आहे का तिचा आवाज. मी छताकडे बघत होते. घशात काहीतरी गरम गोळ्यासारखं वर येत होतं आणि मी ते गिळत होते, वर येत होतं आणि गिळत होते. गोदा झाली तेव्हा तीही लगेच रडली नाही. त्यांनी तिला उलटी धरून पाठीवर चापट मारली, मग रडली. सगळे हसले, की आईवर गेलीये. छायावहिनींचंच वाक्य. हे वाक्य माझ्या पोरीच्या जन्मापासून तिच्या मागे आहे.

"किती वेळ थांबली असतीस?" मी शनिवारी तिला भरवता भरवता विचारलं. खरं तर विचारायचं नव्हतं. "तू येईपर्यंत," ती म्हणाली, वरणात बोट घालून. "आणि मला माहीतच नसतं तर, तू कुठे आहेस?" तिने जरा विचार केला. हा प्रश्न पुस्तकात नव्हता. "तुला माहीत असतंच," ती म्हणाली आणि पुढचा घास मागितला. जीवन पेपर वाचत होता, त्याने पेपर खाली केला. "मंजू, तिला किती वेळा तेच विचारशील? ती विसरायला लागलीये, तूच आठवण करून देतेस." मी त्याला काकूंचं सांगितलं, दोनदा गेल्याचं. त्याने पेपरची घडी घातली. मग म्हणाला, "लहान आहे. सुचलं नसेल." मी म्हटलं, सुचलं नाही असं नाही, तिने ठरवूनच काच वाजवली नाही, पुस्तकातल्यासारखं. त्याला हसू आलं, वाईट नाही, थकलेलं. "मग आता त्या टिटवीवर केस कर. हे बघ, काकांना दहा वर्षं बघतोय आपण, बिल्डिंगमधली पोरं नेताना. काल रात्रभर झोपला नाही तो माणूस, फोनवर रडत होता. आता प्रत्येक सीट बघून मगच दार लावणार म्हणाला. सोमवारपासून ती व्हॅनमध्येच जाणार, नाहीतर भीती बसेल तिच्या मनात." कुणाच्या मनात, हे मी विचारलं नाही. तो बरोबरच बोलत होता. त्याची पहिली शिफ्ट, मला गाडी चालवता येत नाही, आणि सोमवार दोन दिवसांवर होता. काका सीट बघतील. पण माझी पोर पुन्हा फळीखाली गोळा होऊन, घामाने निथळत, काचेपलीकडून जाणाऱ्या माणसाकडे बघत गप्प बसली, तर सीट बघणाऱ्यालाही ती दप्तरासारखीच दिसेल. काच वाजवायची, ओरडायचं, हे दोन दिवसांत तिला कसं शिकवायचं. सांगून तर झालं होतं. बाथरूममध्येच सांगितलं, पुन्हा असं झालं ना तर खूप ओरडायचं, काच वाजवायची. तिने हो म्हटलं. तिच्या हो म्हणण्याचा आवाज मला ओळखीचा होता. समोरच्याचं बोलणं लवकर संपावं म्हणून मी तसंच हो म्हणते.

दुपारी ती पुस्तक घेऊन आली. ते मी कपाटात वरती, साड्यांमागे ठेवलं होतं. तिने खुर्ची लावून काढलं. "आज नको," मी म्हटलं. "आज दुसरं वाचू." तिने पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं आणि पलंगावर गोळा होण्याच्या तयारीत बसली. मी पान उघडलं. मुंगसाचं पान. मी वाचत नव्हते, नुसती बघत होते, कारण आवाज निघत नव्हता, आणि म्हणूनच असेल, मला चित्राचा वरचा कोपरा दिसला. इतकी वर्षं मी त्या पानावर खाली बघत आले होते, गारगोट्यांमध्ये, ठिपका शोधत. तो शोधायचाच खेळ होता. वर कोपऱ्यात टिटवी होती. पंख ताणलेले, पाय मागे लोंबणारे, आणि चोच उघडी, इतकी उघडी की चित्रकाराने आतली जीभसुद्धा दाखवली होती, पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ. मी पान उलटलं. बैलगाडीच्या पानावर ती बैलाच्या शिंगांसमोर होती, चोच उघडी. गारांच्या पानावर, घारीच्या पानावर. गुराख्याच्या पानावर ती जमिनीवर होती, एक पंख मोडल्यासारखा फरफटत, ठिपक्यापासून लांब, पार दुसऱ्या टोकाला, आणि गुराख्याची मान तिच्याकडे वळलेली. चोच उघडी. कुठल्याच पानावर तिची चोच मिटलेली नव्हती. शब्दांत तिचं काही नव्हतं, शब्द सगळे ठिपक्याचे. मी पिल्लू होते तेव्हा वाचलेलं पुस्तक मी पिल्लासारखंच पुढे वाचत आले, पोर झाल्यावरसुद्धा. दगड व्हायचं हे खरं, पण ते कुणीतरी वर जीव तोडून ओरडत असतं तेव्हा. आणि मी शुक्रवारी फाटकाच्या सावलीत मोबाइल हातात धरून उभी होते, लोक काय म्हणतील म्हणत. "वाच ना," गोदा पायाने मला ढोसत म्हणाली. मी म्हटलं, "गोदा, ही काय करतेय बघ." तिने वाकून पाहिलं. "ओरडतेय," ती म्हणाली, तिला ते नवीन नव्हतं. "ती नेहमीच ओरडते. तू तिचा आवाज काढत नाहीस कधी."

मी आईला फोन लावला. मागे तोडणीचा गोंगाट, बायकांचं हसणं, क्रेट आपटल्याचा आवाज. "काय गं, पोर बरीये ना?" आई ओरडूनच बोलते, तिला फोनवर हळू बोलता येत नाही, आणि समोरही. आमचं शेत नाल्याच्या दोन्ही अंगांना आहे, अलीकडून पलीकडच्या माणसाला बोलवायचं तर आवाज लागतोच. फूल बाजारात ती ओट्यावर उभी राहून भाव पुकारायची तेव्हा कॉलेजच्या मैत्रिणी बरोबर असल्या तर मी पलीकडच्या बोळातून जायचे. तिला मी सगळं सांगितलं, दगडाचं सोडून. "झालं ते झालं," ती म्हणाली. "देवाची कृपा. पण तू काय गं, लगेच गाडी करून शाळेत का नाय गेली? आरडाओरडा करायचा की." मी म्हटलं, "मला नाही जमत, आई." पलीकडे जरा शांत झालं, म्हणजे तिने फोन तोंडापासून लांब नेऊन कुणाला तरी क्रेट नीट लाव म्हणून झापलं, आणि परत आली. "तुला कधी गरजच पडली नाय ना," ती म्हणाली. "तुझ्या वाटचं मीच वरडायचे. तुला मास्तरनं मारलं तवा शाळेत जाऊन मी वरडले, तुझ्या आत्यासासूला चहाच्या वेळी बाजूला घेऊन काय म्हनले ते तुला ठाऊक तरी हाय का? जाऊ दे. उद्या पोरीला घेऊन ये, झेंडू संपत आलाय." मला ठाऊक नव्हतं. म्हणजे शाळेतला राग माझ्यावरून गेला तो असाच गेला नव्हता. कुणीतरी त्याच्या आडवं गेलं होतं.

रविवारी मखमलाबादला जायच्या आधी मी गोदाला घेऊन खाली पार्किंगमध्ये गेले. जीवन अंघोळीला गेला होता. गाडीची किल्ली माझ्याकडे होती. पार्किंगमध्ये खांब, स्कूटी, झाकून ठेवलेली एक जुनी जीप, आणि फाटकाशी खुर्ची टाकून बसलेले आमचे वॉचमन केरूबाबा, मोबाइलवर कीर्तन ऐकत. मी गोदाला आमच्या गाडीच्या मागच्या सीटवर बसवलं. "आपण खेळ खेळायचा. मी दार लावते. तू काच वाजवायची, दोन्ही हातांनी, आणि माझं नाव घेऊन ओरडायचं. मी लगेच दार उघडते." ती खूश झाली. मी दार लावलं आणि एक पाऊल मागे झाले. काचेतून ती माझ्याकडे बघून हसली. मी हाताने खूण केली, वाजव. तिने हात उचलला, काचेवर ठेवला, आणि मग तिचा चेहरा बदलला. हसू कुठे गेलं कळलं नाही. हात हळूच खाली आला. पाय पोटाशी आले. ती माझ्याकडेच बघत होती, पापणी न हलवता, आणि मला दिसलं की या बाजूने ते कसं दिसतं. काचेवर खांबाची सावली, माझंच प्रतिबिंब, आणि आत एक करडा आकार, जो बघूनही दिसत नाही. मी दार उपटल्यासारखं उघडलं. "का गं, का नाही वाजवलंस?" ती गोंधळली. मग रागावली. "मला नाही येत," ती म्हणाली. "आपोआप होतं ते. तू करून दाखव."

मी मागच्या सीटवर बसले. गोदाने दार लोटलं, ते नीट लागलं नाही, पुन्हा जोर करून लोटलं. आत एकदम सगळं शांत झालं, कीर्तन गेलं, रस्ता गेला. तापलेल्या रेक्झिनचा वास. तिचं तोंड काचेला लागून होतं, नाक चपटं झालेलं, आणि ओठ हलत होते, वाजव, वाजव. मी बोटाच्या पेरांनी वाजवलं. कुणाच्या घरी पहिल्यांदा गेल्यावर वाजवतात तसं. तिने मान हलवली, ऐकू येत नाही. मी तळहाताने वाजवलं. तिने कान दाखवला. मी तोंड उघडलं. गोदा, म्हणायचं होतं. तो गरम गोळा घशात आला आणि तिथेच थांबला, मला तो इतका ओळखीचा होता की मी त्याला गिळायच्या बेतात होते. खांबापलीकडून दोन माणसं जिन्याकडे गेली, त्यांनी वळून बघितलं असतं तर काय म्हणाले असते, हा विचार माझ्याआधी माझ्या मानेला सुचला, ती खाली गेली. मान वर केली तेव्हा काचेत गोदा नव्हती.

आधी वाटलं, खाली वाकली असेल. मी काचेला गाल लावून खाली बघितलं. फरशी. दुसऱ्या काचेतून, स्कूटी. मागच्या काचेतून, धूळ आणि त्या धुळीत कुणीतरी बोटाने काढलेला फुगा. रॅम्पवरून एक टेम्पो मागे मागे येत होता, पाण्याच्या जारचा, त्याच्या मागच्या दिव्यांचा लाल उजेड खांबांवर पडला, आणि त्याला मागचं काही दिसत नव्हतं, त्याला खाली फुटभर उंचीचं काही दिसणार नव्हतं, आणि ती, ती चाक बघून पळणार नव्हती, ती जिथे असेल तिथे बसणार होती, पाय पोटाशी घेऊन, मी येईपर्यंत. मी दाराच्या कडीऐवजी काचेचं हँडल फिरवलं, काच थोडी खाली आली. मग जे झालं ते मी केलं असं मला म्हणता येत नाही. "गोदा." पहिली हाक गाडीतच फुटली, माझ्याच कानावर आदळली. दार उघडलं, मी बाहेर पडले का पडता पडता उभी राहिले, आणि दुसरी हाक गेली ती पार्किंगच्या छताला लागून परत आली, लांबवलेली, फाटलेली, शेवटच्या आकारावर वर चढत गेलेली. नाल्याच्या पलीकडे ऐकू जावी अशी. टेम्पो गचकन थांबला. वरच्या गॅलरीत कुणाची तरी स्टीलची परात पडली. मी आणखी एकदा ओरडले, थांबता येत नव्हतं म्हणून, आणि घशात जे इतकी वर्षं अडकलं होतं ते निघाल्यावर दुखत होतं, खरचटल्यासारखं.

"ओ," गोदा म्हणाली. फाटकाच्या बाजूने. ती केरूबाबांचं बोट धरून त्यांना ओढत आणत होती, आणि ते एका पायात चप्पल, एका हातात मोबाइल, कीर्तन चालूच, असे वाकून तिच्यामागे येत होते. "ताई, काय झालं? ही म्हणती, आई गाडीत कोंडलीये, चला लवकर. माझं तर काळीजच थांबलं." गोदाने माझ्याकडे बघितलं, मग उघड्या दाराकडे, आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "तू बाहेर का आलीस?" ती म्हणाली. "तुला वाजवता येत नव्हतं म्हणून मी माणूस आणायला गेले होते ना." केरूबाबांनी आधी तिच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि हसावं की नाही ते त्यांना ठरवता येईना. पहिल्या मजल्यावरून छायावहिनींचा आवाज आला, "कोण ओरडलं गं? मंजुषा, तू होतीस?" मी वर बघितलं. तीन गॅलऱ्यांतून लोक डोकावत होते, टेम्पोवाला खाली उतरून कमरेवर हात ठेवून उभा होता. "हो, मी होते," मी म्हटलं. ते पुटपुटल्यासारखं निघालं. त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं.

मी गोदाकडे बघितलं. तिच्या अंगावर घाम नव्हता, पाय धुळीने माखले होते, आणि ती अजून माझ्यावर रागावलेली होती, खेळ मोडल्याबद्दल. "मी होते," मी मान वर करून जोरात सांगितलं. "आम्ही ओरडायला शिकतोय." कुणीतरी वर हसलं. कोण हसलं ते मी बघितलं नाही. गोदाने केरूबाबांचं बोट सोडलं, मला गाडीकडे ढकललं आणि म्हणाली, "परत बस. आता मी कुठेच जाणार नाही, इथेच उभी राहीन. तू वाजवायचं आणि मी दार उघडेन. मग मी आत बसून वाजवेन आणि तू उघडायचं." मी आत बसले. तिने दोन्ही हातांनी दार लावलं. मी काचेवर दोन्ही तळहात आपटायला सुरुवात केली.